बत्तीसपैकी तेरा

माझी बायको सुभद्रा जाऊन दहा महिने झाले आणि या जूनमध्ये तिच्या कामाला शंभरपैकी एकेचाळीस मार्क पडले.

हे मला परळच्या केंद्रात कळलं. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना कामधंद्याला लावण्यासाठी सरकारी अनुदानावर हे केंद्र चालतं. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर तीन खोल्या. एकीत आधार, रेशनचे कागद काढून देतात, एकीत आठवड्यातून दोनदा वकील बसतो, तिसरीत सहा शिलाई मशीनं आहेत. त्या तिसऱ्या खोलीत सुभद्राने एकोणीस वर्षं सुटून आलेल्या पुरुषांना शिवण शिकवलं. पिशव्या, दप्तरं, ताडपत्री, शाळेच्या चड्ड्या. मी माझगावला गोदीत फिटर होतो. आमच्या लालबागच्या चाळीत लोक मला विचारायचे, "गुणाजी, वहिनी असल्यांच्या हातात सुई कशी देतात रे?" मी सांगायचो, सुईचं काय घेऊन बसलास, कात्री पण देते.

केंद्राच्या प्रमुख मीनाक्षी मॅडम. त्यांनीच मला फोन करून बोलावलं होतं. त्यांनी टेबलावर कागद सरकवले.

"काका, हा मसुदा आहे. अजून पक्का नाही. शिवण विभागाचं तेवढं वाचा."

वाचलं. दोन वर्षांत शिवण शिकून बाहेर पडलेले बत्तीस. त्यातले स्थिरावलेले तेरा. अयशस्वी एकोणीस. खाली एक ओळ होती: विभागाची परिणामकारकता सिद्ध होत नाही.

"एकोणीस जण परत आत गेले?" मी विचारलं.

"आत तीन गेले. सोळा सापडले नाहीत."

"सापडले नाहीत म्हणजे काय?"

"पाहणीवाले दोनदा घरी गेले, दोनदा कुलूप. न सापडलेला माणूस अयशस्वी धरायचा, असा त्यांचा नियम आहे."

"गेले होते कधी?"

त्यांनी मागचं पान काढलं. "होळीच्या आदल्या दिवसापासून पाच दिवस."

मी कागद मिटून ठेवला. त्या बत्तिसांत निम्म्याहून जास्त कोकणातले. शिमग्याला गावात पालखी घरोघर फिरते, आणि पालखी दारात येईल तेव्हा घर बंद असलेलं कुणाला चालत नाही. गणपतीला रजा मिळाली नाही तरी माणूस शिमग्याला जातो. त्या आठवड्यात आमच्या मजल्यावर बावीस खोल्यांतल्या पाच उघड्या असतात. मी स्वतः या वर्षी सुभद्राचं वर्ष सरलं नव्हतं म्हणून गेलो नाही, घरी होतो.

"मॅडम, तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?"

"मला तारखा कळवल्याच नाहीत काका. आधी कळवलं तर आम्ही माणसं पढवून ठेवू, असं त्यांचं म्हणणं."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. पन्नासच्या खाली आकडा राहिला तर शिवणाची खोली बंद. साठच्या वर गेला तर तीन वर्षांचं अनुदान. मध्ये कुठे राहिला तर एक वर्ष, अटी घालून. आक्षेप घ्यायला आठ दिवस.

"मीच का?" मी विचारलं. "केंद्र तुमचं आहे."

"पत्ते तुम्ही दिलेत काका."

हे खरं होतं. केंद्राच्या फायलीत माणूस दाखल झाला तेव्हाचा पत्ता असतो, आणि तो वर्षभरात बदलतो. नंतरचा पत्ता, नंबर, कुठे कामाला लागला, लग्न झालं का, हे सगळं सुभद्राच्या निळ्या डायरीत होतं. माणसं आपणहून येऊन तिला सांगायची. ती मात्र कधी कुणाला फोन करत नसे. बाजारात कुणी दिसला तर तो बोलला तरच बोलायची. मी एकदा म्हटलं, अगं तो तुझा गौतम ना, हाक मार की. तर म्हणाली, त्याच्याबरोबर कोण आहे ते माहीत नाय आपल्याला. त्याने ठरवायचं मला ओळखायचं का नाय ते.

जानेवारीत मूल्यमापन करणारी बाई घरी आली, इरावती नावाची, आणि म्हणाली, "सुभद्राबाईंचं काम नीट नोंदलं जावं असं वाटतं." तेव्हा मी एकटा बसलेलो असायचो. पाच महिने कुणी तिचं नाव घेतलं नव्हतं, घेतलं तरी आवाज खाली करून घ्यायचे. मी उठलो, कपाट उघडलं आणि डायरी दिली. चहापण पाजला.

मसुदा वाचला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दादरला मूल्यमापनवाल्यांच्या संस्थेत गेलो. चौथा मजला, लिफ्ट बंद. इरावती तिशीच्या आतली असेल. मला बघून उभी राहिली, पाणी दिलं. तिच्यावर ओरडायचं ठरवून गेलो होतो, ते पाण्यामुळे थोडं कठीण झालं.

"मॅडम, होळीचा आठवडा कुणी निवडला?"

"मीच. सुट्ट्या होत्या ना. कामावर जाणारी माणसं सुट्टीत घरी सापडतील असा विचार केला."

"सुट्टी होती म्हणूनच सापडली नाहीत. तुम्ही कुठल्या?"

"इथलीच, दादरची. मूळची पुण्याची."

"मग बरोबर."

ती हसली नाही, पण रागावलीही नाही. वहीत लिहून घेतलं.

"तुमचं पटतं मला," ती म्हणाली. "पण नियम का आहे तेही समजून घ्या. न सापडलेला माणूस यशस्वी धरायला लागलो, तर कुठलंही केंद्र म्हणेल, सापडत नाही म्हणजे सुखात असेल. पैसा लोकांचा आहे काका."

ते चुकीचं नव्हतं. मी दुसरीकडून धरलं.

"हजेरीचे वेगळे मार्क पण लावलेत तुम्ही. जो वर्षभर आला त्याला जास्त. सुभद्राच्या हाताखाली चांगला हात बसला की ती तीन महिन्यांत माणसाला कारखान्यात लावून द्यायची. म्हणजे चांगला निघाला त्याचे मार्क कमी, आणि ज्याला टीप सरळ घालता येत नाही तो वर्षभर बसून पहिला."

"हजेरी हा एकच निकष नाही."

"आणि जे सुटून आले पण केंद्रात आलेच नाहीत, त्यांच्यातले किती परत आत गेले? ते मोजलंत?"

"नाही. प्रस्तावात होतं. तेवढा निधी मंजूर झाला नाही."

"म्हणजे कशाच्या मानाने एकेचाळीस?"

"काका, हा प्रश्न मी बैठकीत विचारला होता. मला सांगितलं, आहे त्यात करा."

अशा माणसाशी भांडायचं कसं. मी फिटर माणूस. मशीन बिघडलं तर कुठला भाग गेला ते सापडतं. इथे प्रत्येक भाग आपल्या जागी बरोबर आणि मशीन उलटं फिरतंय.

शेवटी ती म्हणाली, "सोमवारपर्यंत वेळ देते. सोळातले जे स्वतः येऊन सही करतील, कामाचा कागद दाखवतील, त्यांना मी स्थिरावलेले धरते. ते माझ्या अधिकारात आहे."

डायरीतल्या सोळा नंबरांची झेरॉक्स घेऊन मी घरी आलो आणि फोन लावत बसलो. चार नंबर बंद होते. बारा लागले. मी काय बोलत होतो ते मलाच ऐकवत नव्हतं. "मी सुभद्राबाईंचा नवरा. शिवणाच्या बाई. हो, वारल्या. गेल्या श्रावणात." दर वेळी हे पहिल्यापासून. तिकडून कुणी रडायचं, कुणी "चुकीचा नंबर" म्हणून ठेवायचं आणि दहा मिनिटांनी रस्त्यावर येऊन परत फोन करायचं. सहा जणांनी जमणार नाही म्हणून सांगितलं. एकाने स्पष्ट सांगितलं, "काका, बाईंसाठी जीव देईन. सही नाय देणार."

पाच जण हो म्हणाले. त्यात गौतम. लालबागच्या पुलाजवळ तो बॅगा दुरुस्त करतो. शनिवारी माझ्याबरोबर दादरला आला, चार जिने चढला, चार पानी फॉर्मवर सात ठिकाणी सह्या केल्या. मग इरावतीला म्हणाला, "मॅडम, आत होतो तेव्हा दिवसातून दोनदा गिनती व्हायची. तुमच्याकडे जास्त आहे."

इरावतीने विचारलं, "केंद्राचा उपयोग किती झाला, एक ते पाचमध्ये सांगा."

"कशाचे पाच?"

"पाच म्हणजे खूप."

"मग सहा लिवा."

"पाचच्या वर नाही लिहिता येत."

"मग राहू दे. तुमचा कॉम्प्युटर लहान हाय."

बाकीचे चौघेही येऊन सह्या करून गेले. तेरा आणि पाच अठरा. बत्तीसपैकी अठरा म्हणजे छप्पन. खोली वाचली, पण एक वर्षासाठी, आणि ती ओळ तशीच राहणार होती. साठच्या वर जायला वीस लागत होते. अजून दोन. बारावा माणूस होता हितेंद्र. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं होतं आणि हो-नाही न बोलता ठेवला होता. मला वाटलं तो येईल. सुभद्रा सगळ्यांत जास्त त्याच्याबद्दल बोलायची. रे रोडला ताडपत्रीच्या कारखान्यात तो आता मुकादम होता.

तो आला, पण दादरला नाही. रविवारी सकाळी माझ्या खोलीवर आला. सुभद्राच्या फोटोला हात जोडले, बराच वेळ उभा राहिला. मग खुर्ची असून जमिनीवर बसला.

"काका, मार्चमध्ये माझ्या घरी माणसं कुणी पाठवली?"

"पाहणीवाले होते."

"मी गावाला होतो. बायको पण. शेजारच्या मावशीला विचारलंनी, इथे हितेंद्र राहतो काय, तुरुंगातून आल्यावर काय काम करतो. मावशी गप्प बसेल? आम्ही परत आलो तर जिन्यातच बायकोला पकडलंन."

मी गॅसवर चहा ठेवला.

"माझ्या बायकोला माहीत आहे की मी चार वर्षं बोटीवर होतो. सासऱ्यांना तेच माहीत आहे. मी तिला सांगितलं, नावाची चूक झाली, हितेंद्र दुसरा कोणतरी. तिने मानलं. म्हणजे मानलं असं म्हणाली. तेव्हापासून मी मोबाईल वाजला की आधी तिचा चेहरा बघतो."

"सही दादरला करायची आहे. घरी कुणी येणार नाही," मी म्हणालो. माझ्या तोंडून ते गेलंच. दोन माणसं कमी पडत होती.

"तेव्हा पण कोणीतरी असंच सांगितलं असेल."

"कुणी सांगितलं नव्हतं."

"मग माझा पत्ता गेला कसा? केंद्राकडे माझा जुना पत्ता आहे, शिवडीचा. रे रोडचा फक्त बाईंना दिला होता. लग्न झालं ते सांगायला आलो, पेढे घेऊन, तेव्हा."

"मी दिला," मी म्हणालो. "डायरी मी दिली."

चहा ठेवला होता तो उतू गेला. मी उठून गॅस बंद केला. परत आलो तेव्हा तो तसाच बसला होता.

"बाईंनी दिली असती?"

"नाही."

"मग?"

"तिचं नाव राहील असं वाटलं."

तो शिव्या देईल असं मला वाटत होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "काका, मला नापास लिहा. पण ती डायरी तिथून आणा."

"तुला नापास लिहिलं तर ते तिच्या खात्यावर जातं रे. तुझ्या नाही. एकोणीस वर्षं काम केलंन तिने. सकाळचा डबा करून जायची, संध्याकाळी बोटांना सुईची भोकं घेऊन यायची. आणि कागदावर काय, तर सिद्ध होत नाही."

"मी सकाळी आठला कामावर जातो, संध्याकाळी घरी येतो. ते होतंय ना?"

"होतंय."

"मग झालं," तो म्हणाला आणि उठला. चहा घेतला नाही.

सोमवारी मी दादरला गेलो. इरावतीने हसून खुर्ची दिली. तिच्याकडे बातमी होती.

"काका, एक मार्ग निघालाय. तुमची डायरी मूळ पुरावा म्हणून अहवालाला जोडू. खात्याकडे गेली की उरलेल्या अकरा जणांची पडताळणी ते स्थानिक पोलीस ठाण्यातून करून घेतील. परत गुन्हा नाही असं आलं की सगळे स्थिरावलेले. माझा अंदाज आहे, आकडा ऐंशीच्या आसपास जाईल. तुमची संमतीची सही लागेल, बस."

ऐंशी. मी तो आकडा मनात दोनदा म्हणून बघितला. तीन वर्षं खोली चालणार. सरकारी कागदावर सुभद्राच्या विभागाचं नाव, समोर ऐंशी.

"पोलीस ठाण्यातून म्हणजे हवालदार घरी जाणार?"

"जाईल कदाचित. पाच मिनिटांचं काम असतं."

"पाच मिनिटं कुणाच्या दारात?"

तिला प्रश्न कळला नाही, किंवा कळून तिने खाली बघितलं.

मी तिला मार्चमध्ये काय झालं ते सांगितलं. हितेंद्रचं नाव न घेता, कारखाना न सांगता. शेजारीण, जिना, बोट. ती ऐकताना पेन मिटून बसली. तिची माणसं शेजाऱ्यांना असं विचारतात हे तिला माहीत नव्हतं. तिने तसं सांगितलं आणि मला ते खरं वाटलं. पण खरं असून उपयोग काय.

"डायरी परत द्या," मी म्हणालो. "आणि जितक्या झेरॉक्स काढल्यात तितक्या. कॉम्प्युटरमध्ये घातलं असेल ते काढा माझ्यासमोर."

"काका, मग ते अकरा कायमचे अयशस्वी राहतील. आकडा छप्पनच्या वर जाणार नाही. मी खालची ओळही बदलू शकणार नाही."

"नका बदलू."

"तुम्ही एक दिवस विचार करा."

"एक दिवस घरी बसलो तर सही करीन. म्हणून आताच द्या."

आणि मग सुरू झालं. जानेवारीत मी डायरी दिली तेव्हा एक कागद नव्हता, एक सही नव्हती, एका चहावर गेली होती. परत घ्यायला पुरावा माघारीचा अर्ज, तीन प्रतींत. मी मृत व्यक्तीचा वारस असल्याचा दाखला आहे का? मी म्हटलं, घेताना विचारला होतात? त्यांचे साहेब आतून आले आणि म्हणाले, तत्त्वतः डायरी आता प्रकल्पाची आहे. मी म्हटलं, साहेब, तत्त्वतः ती माझ्या बायकोची आहे आणि मी इथून उठणार नाही. माझं वय एकाहत्तर आहे, लिफ्ट बंद आहे, मला कुणी उचलून खाली नेणार असेल तर न्या. साहेब आत गेले. इरावतीने पुढचं सगळं स्वतः केलं. झेरॉक्स माझ्यासमोर मशीनमध्ये घालून बारीक केल्या, फाईल काढून टाकली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली.

अर्जात शेवटचा रकाना होता, माघारीचं कारण. मी लिहिलं: डायरी माझी नव्हती, मी द्यायला नको होती.

तिने वाचलं. "काका, हे असं लिहिलंत तर वरचे प्रश्न विचारतील. वैयक्तिक कारण, एवढंच लिहा."

"वैयक्तिक नाही ते."

तिने शिक्का मारला. मी निघताना जिन्यापर्यंत आली.

तिथून मी चालत परळला गेलो आणि मीनाक्षी मॅडमना सांगितलं. त्या कपाळाला हात लावून बसल्या. "ऐंशी मिळत होते काका. पुढच्या वर्षी परत हेच सगळं. तेव्हा डायरी पण नसेल. मी काय दाखवू?"

"शिमगा सोडून पाहणी करायला सांगा," मी म्हणालो.

त्या चिडल्या. चिडायला त्यांना हक्क होता. शिवणाच्या खोलीत नवीन बाई आहेत, कमलाबाई, त्या चौघांना काजं करायला शिकवत होत्या. एक वर्ष तरी त्या शिकवतील. नंतरचं मला माहीत नाही. मी त्यांच्याशी न बोलता निघालो, कारण सुभद्राच्या मशीनवर दुसऱ्या बाईचा चष्मा ठेवलेला मला बघवत नव्हता.

घरी येऊन मी हितेंद्रला फोन लावला. कामाच्या वेळेला, बायको जवळ नसताना.

"आणली डायरी," मी म्हणालो. "तू नापास आहेस."

"बरं झालं."

मागे मशीनं चालत होती. तो बाजूला आला असावा, आवाज कमी झाला.

"काका, बाईंचं वर्षश्राद्ध कधी आहे?"

"श्रावणात. कळवतो."

"मी येतो. बायकोला पण आणीन म्हणतो. तिला काय सांगायचं पण? कोण बाई, कुठच्या?"

मी विचार केला. याला काय सांगावं हे सुभद्राला पटकन सुचलं असतं. मला वेळ लागला. तो थांबला.

"सांग, हिने मला शिवायला शिकवलं," मी म्हणालो. "त्यात खोटं काही नाही."

"हां," तो म्हणाला. "ते सांगतो."